घरच्या घरी भजन रेकॉर्डिंग: स्वस्तातला यूएसबी ऑडिओ इंटरफेस कुठला घ्यावा?

पेटीवाल्यांची लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वडील ७४ वर्षांचे आहेत. आयुष्यभर भजनी मंडळात गायले, पेटी स्वतःच वाजवतात. त्यांनी बांधलेल्या चाली कुठेच उतरवून ठेवलेल्या नाहीत आणि आता दम पुरत नाही. तेव्हा पावसाळ्याच्या आत जमतील तेवढ्या रेकॉर्ड करायच्या असं घरात ठरलंय. आजवर मोबाईल पेटीवर ठेवून करायचो. त्यात पेटी इतकी अंगावर येते की बाबा शेजारच्या खोलीतून गातायत असं वाटतं.

माहितीसाठी: लॅपटॉप विंडोजचा, पाच वर्षं जुना. घर नाशिकला, दुसरा मजला, खाली रिक्षा स्टँड. बजेट सगळं मिळून पंधरा हजार, माईक-वायरी-स्टँड धरून. दुकानात "दोन इनपुटवाला आहे ताई, डोळे झाकून घ्या" म्हणून बेरिंजरचा यूएम२ हा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायचं खोकं) दाखवला. डोळे झाकण्याआधी म्हटलं इथे विचारावं. आवाज आणि पेटी वेगवेगळी रेकॉर्ड व्हायला हवीत, एवढी एकच अट.

खर्जातला

डोळे उघडेच ठेवलेत ते बरं केलंत.

यूएम२ला दोन इनपुट आहेत हे खरं, पण माईक लावायचं भोक एकच आहे. दुसरं आहे ते गिटारचं. त्यात माईक खुपसलात तर आवाज येईल, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा, कारण त्या वाटेवर माईकचा बारीक आवाज मोठा करणारा प्रीअँप नाही. त्याचाच मोठा भाऊ यूएमसी२२, तोही तसाच. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो तर दुप्पट-तिप्पट महाग, तरी त्यालाही माईक एकच लावता येतो, नावातच सोलो आहे. गिटार वाजवत गाणाऱ्या पोरांसाठी काढलेल्या वस्तू आहेत या. आपल्याकडे पेटीला वायर नसते, तिला माईकच लागतो.

म्हणून खोक्यावर इनपुट किती लिहिलेत ते वाचू नका. पुढून बघा, तीन भोकांची माईकची सॉकेटं किती आहेत ते मोजा. तुम्हाला दोन हवीत. नवीन घ्यायचा तर बेरिंजर यूएमसी२०२एचडी. जुना चालत असेल तर स्कार्लेट २आय२ची तिसरी पिढी बघा. २०२३ साली चौथी पिढी आली, तेव्हापासून तिसरीवाले बरेच जण काढून टाकतायत.

मुक्काम पोस्ट कोथरूड

एवढा व्याप कशाला? एक बरा यूएसबी माईक घ्या, थेट लॅपटॉपला जोडा, झालं. ना इंटरफेस, ना ड्रायव्हर. मी दोन वर्षं त्यावर कथावाचन करतोय.

खर्जातला

कथावाचनाला उत्तम, वादच नाही. पण त्यांची अट वाचलीत का? आवाज आणि पेटी वेगळी हवी. दोन यूएसबी माईक एकाच वेळी विंडोजला जोडले की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. दहा मिनिटांच्या भजनात दोन्ही ट्रॅक हळूहळू एकमेकांपासून सरकतात. शिवाय उद्या माईक बिघडला तर सगळंच बाद.

मुक्काम पोस्ट कोथरूड

मान्य. वेगळं हवं हे वाचलंच नव्हतं. म्हातारपण.

लॅमिंग्टन रोडकर

इंटरफेसवर सगळे बोलतील, मी वायरीवर बोलतो, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच असतात.

स्वस्त माईकसोबत जी वायर फुकट येते तिच्या एका टोकाला कॅनन पिन (माईकची तीन पिनांची, एक्सएलआर) आणि दुसऱ्याला पी-३८, म्हणजे जाड हेडफोनसारखा जॅक. ती कराओके अँप्लिफायरसाठी असते. इंटरफेसच्या सॉकेटमध्ये कॅननही बसते आणि मधल्या भोकात पी-३८ही बसतो, त्यामुळे माणूस तीच खुपसतो. पण मधलं भोक हे लाइन किंवा गिटारचं असतं. मग गेन (माईकचा आवाज चढवायचं बटण) पूर्ण चढवला तरी आवाज येत नाही, नुसती खरखर. आणि लोक इथे येऊन धागा काढतात की इंटरफेस खराब निघाला. दुकानात स्पष्ट सांगा: कॅनन मेल टू कॅनन फीमेल, तीन मीटर, दोन नग. पिनचं टोपण उघडून डाख बघा, तीन वायरी तीन ठिकाणी सुट्या दिसल्या पाहिजेत. स्वस्त वायरीत दोनच जोडलेल्या असतात.

तेच बीएम-८०० नावाच्या त्या स्वस्त कंडेन्सर (वीज लागणाऱ्या) माईकचं. डब्यात ईपी पिनवाली (मोबाईलच्या हेडफोनसारखा बारीक जॅक) वायर येते, लोक लॅपटॉपला लावतात आणि माईकला शिव्या देतात. कॅनन टू कॅनन लावून ४८ व्होल्ट फँटम (इंटरफेसमधून वायरीतूनच माईकला जाणारी वीज) दिलं की तो बराच सुधारतो.

ठेका सोळा

तबलावाला आहे, पण पेटीशेजारी बसून पंचवीस वर्षं झाली, तेव्हा दोन शब्द.

ताई, बाबा पेटी वाजवत गाणार, म्हणजे तोंड आणि पेटी यांच्यात अंतर हातभर. दोन माईक लावलेत तरी प्रत्येकात दुसऱ्याचा आवाज शिरणार. तो शून्य होत नाही, कमी करता येतो. त्यासाठी माईकची पाठ वापरा. कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो आणि पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. म्हणून गाण्याचा माईक खालून वर, हनुवटीच्या रेषेत तोंडाकडे बघेल असा लावा. अंतर चार ते सहा बोटं. तसा लावला की त्याची पाठ आपोआप पेटीकडे होते. पेटीचा माईक वरून खाली, पट्ट्यांच्या अंगाने, साधारण दीड फुटावर, म्हणजे त्याची पाठ तोंडाकडे. भात्याच्या बाजूला अजिबात लावू नका, पेटी दमा झाल्यासारखी धापा टाकते.

दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना बाबांचा आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटला, तर इक्वलायझर फिरवत बसायचं नाही. एकच आवाज दोन माईकमध्ये किंचित पुढेमागे पोचतो आणि त्यातले काही सूर एकमेकांना खातात. पेटीचा माईक चार बोटं इकडे-तिकडे सरकवा. जाणकार सांगतात की तोंडापासून पहिला माईक जेवढा लांब त्याच्या तिप्पट तरी लांब दुसरा असावा. बैठकीत फूटपट्टी कोण काढणार, पण अंदाज तोच.

नागपूरची संत्री

थोडं अवांतर, पण विचारतेच. मी झूमवर गाणं शिकवते, नुकताच यूएमसी२२ घेतला. विद्यार्थिनी म्हणतात, ताई तानपुरा मधूनमधून गायब होतो, आणि तुमचा आवाज एकाच कानात येतो. इंटरफेस बदलून आणू का?

खर्जातला

आणू नका, बिचाऱ्याचा दोष नाही. तानपुरा झूम खातोय. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा कूलर, असं त्याला शिकवलंय, आणि आपला तानपुरा त्याच्या लेखी कूलरच. ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी 'ओरिजिनल साउंड' आहे ते चालू करा, नॉइज सप्रेशन बंद करा. आणि वर्ग सुरू झाल्यावर वर कोपऱ्यात तेच बटण दिसतं, ते खरंच चालू आहे ना बघा.

एक कान: पहिलं इनपुट म्हणजे डावा, दुसरं म्हणजे उजवा, असं खोकं कॉम्प्युटरला सांगतं. तुमचा माईक पहिल्यात, म्हणून डावीकडेच. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक 'मोनो' निवडला की प्रश्न मिटतो. ओबीएस या लाइव्ह-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असाल तर अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये 'मोनो' अशी एक चौकट आहे, तिथे टिक करा.

नागपूरची संत्री

अहो तानपुरा आला! कूलर खरंच बंद ठेवून शिकवत होते इतके दिवस, तेही नागपुरात, एप्रिलमध्ये.

सांगलीचा बेदाणा

मला एक कळत नाही, १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवाला (आवाज सेकंदाला किती वेळा टिपतो तो आकडा) घ्यावा का? यूएमसी२२वर ४८ लिहिलंय, २०२एचडीवर १९२. चौपट भारी ना?

खर्जातला

चौपट मोठी फाइल, एवढंच. ४८ किलोहर्ट्झमध्ये २४ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान तरुणपणी २० हजारांवर थांबतो, पन्नाशीनंतर त्याच्या बराच अलीकडे. ४८ ठेवा, व्हिडिओलाही तेच लागतं. त्यापेक्षा २४ बिट आहे का ते बघा, त्याचा खरा उपयोग होतो. आवाज थोडा खाली ठेवून रेकॉर्ड केला तरी नंतर वाढवताना तळाची खरखर वर येत नाही. ४८ आणि २४वर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जातो. दोन ट्रॅक तासभर म्हणजे साधारण एक जीबी, पेनड्राइव्हवर आरामात.

पेटीवाल्यांची लेक

सगळ्यांचे आभार. खरेदीचा अहवाल देते.

पुण्यात एक इंजिनिअरिंगचा मुलगा हॉस्टेल सोडून चालला होता, त्याच्याकडून स्कार्लेट २आय२, तिसरी पिढी, आठ हजारांना घेतला. त्याच्याच समोर दोन्ही सॉकेटांत माईक लावून पाहिले, गेनची बटणं फिरवताना कुरकुर नाही ना ते ऐकलं, मागची यूएसबीची खाच हलवून पाहिली. माईक बेरिंजरचेच एक्सएम८५००, डायनॅमिक (फँटम न लागणारे), दोन मिळून चार हजारांच्या आत. वायरी लॅमिंग्टन रोडकरांनी सांगितल्या तशा मागितल्या. "कॅनन टू कॅनन" म्हटल्यावर दुकानदाराचा सूरच बदलला, ताईवरून मॅडमवर आले. दोन स्टँड, त्यातला एक आखूड, खाली बसून गाण्यासाठी. एकूण १४,८००. २०० रुपयांची भेळ खाल्ली.

आता अडचणी. एक, बाबांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, एकदा लगेच आणि एकदा मागून. ते म्हणतात मागे कोणीतरी कोरस धरलाय. दोन, बाबा बोलतात तेव्हा हिरवा दिवा असतो आणि गायला लागले की लाल. तीन, आणि ही सगळ्यात वाईट: सतत एक घूंऽऽ असा आवाज येतोय. बाबा म्हणाले, पांढरी पाचला (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला) लागलाय, थोडा चढा आहे.

ठेका सोळा

बाबांना साष्टांग नमस्कार.

नाना न्यूजर्सी

पांढरी पाच, थोडी चढी! मंडळी, हे अगदी बरोबर आहे बघा. भारतात वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर बहुतेक वेळा दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झला जोरात ऐकू येते. पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झच्या जवळ. म्हणजे बाबांनी दोन हर्ट्झचा फरक कानाने पकडला. आमच्याकडे ६० हर्ट्झची वीज, घरघर १२०ला, ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधे पडते. कुठल्याच सुरात नाही. इथल्या भजनात तीच रडकथा.

तर ही विजेची घरघर आहे, इंटरफेसची नाही. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून सांगा.

पेटीवाल्यांची लेक

काढला. गेली! एकदम गेली. चार्जर लावला की परत येते.

नाना न्यूजर्सी

तर मग भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा आहे ते नावाला. तीन पिनी चार्जरमध्ये एक फिल्टर असतो, तो आपली गळती अर्थमध्ये सोडतो. अर्थच नसेल तर ती गळती लॅपटॉपच्या अंगावर, तिथून यूएसबीतून इंटरफेसवर, तिथून माईकच्या जाळीपर्यंत. लॅपटॉप धातूचा असेल तर मनगट टेकवल्यावर बारीक झिणझिण्या येतात का पाहा. इलेक्ट्रिशियन बोलवा आणि फेज-अर्थमध्ये बल्ब लावून बघायला सांगा.

आणि हात जोडून सांगतो, कुणी तरी येऊन सांगेलच की पिनचा वरचा जाड दांडा काढून टाका म्हणजे घरघर जाईल. तसलं काही करू नका. तो दांडा जीव वाचवायला असतो.

लॅमिंग्टन रोडकर

नानांना अनुमोदन. शिवाय पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बघा, त्यांनीही चिर्रर्र असा आवाज येतो. स्पीकर जोडलेत तर लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शनवर ठेवा, दोन भिंतींवर नको.

खर्जातला

बाकीच्या दोन अडचणी.

आवाज दोनदा: इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण आहे. ते चालू असलं की माईकचा आवाज तिथूनच हेडफोनला जातो, कॉम्प्युटरपर्यंत जातच नाही, म्हणून उशीर शून्य. त्याच वेळी सॉफ्टवेअरमध्येही मॉनिटरिंग चालू असेल तर तोच आवाज लॅपटॉपची प्रदक्षिणा घालून परत येतो. हाच तो कोरस. सॉफ्टवेअरमधलं बंद करा. आणि २आय२वर हे बटण 'मोनो'वर ठेवा. 'स्टीरिओ'वर ठेवलंत तर बाबांना एका कानात गाणं आणि दुसऱ्या कानात पेटी ऐकू येईल, बिचारे गोंधळतील.

उशीर किती होतो त्याचाही हिशेब सांगून ठेवतो, पुढे कुणाला लागेल. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे ढकलतो तो) २५६ सॅम्पल आणि ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सव्वापाच मिलिसेकंद, तेही एका बाजूचे. जाऊन-येऊन आणि वरची प्रक्रिया धरून दहा-पंधरा. हवेत आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद उशीर म्हणजे जोडीदार तुमच्यापासून अकरा-बारा फुटांवर बसल्यासारखं. १०२४चा बफर ठेवलात तर तो थेट मंडपाबाहेर. ब्लूटूथ हेडफोन लावलात तर पुढच्या गल्लीत. म्हणून वायरचाच हेडफोन, आणि कान पूर्ण झाकणारा, नाहीतर तानपुरा गळून माईकमध्ये शिरतो.

लाल दिवा: ही सगळ्यांची चूक. आपण "हॅलो, एक दोन तीन" म्हणून गेन लावतो. माणूस गायला लागला की त्याच्या दुप्पट लावतो. बाबांना त्यांच्या सगळ्यात चढ्या भजनातला तार सप्तकातला षड्ज खणखणीत लावायला सांगा, त्यावर गेन ठेवा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर काटा उणे १२ ते उणे ६ च्या मधे नाचू दे. खाली वाटला तरी चालेल, २४ बिट आहे. शून्याला धडकून फाटलेला आवाज मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने धडपणे शिवता येत नाही.

ठेका सोळा

आणि बाबा लांब बसून मान वळवत गाणारे असतील (भजनी मंडळी सगळी तशीच, साथीदाराकडे बघून दाद देतात), तर टाळ धरणाऱ्याला समोर बसवा, बाजूला नको. मान समोर राहते.

विदा

विंडोजवाल्यांसाठी. आसिओ नावाचा ड्रायव्हरचा प्रकार आहे, स्टाइनबर्गने काढलेला, तो विंडोजच्या नेहमीच्या वाटेला बगल देतो. ज्या कंपनीचा इंटरफेस तिच्या साइटवरून तिचाच ड्रायव्हर घ्या. फोकसराइटचा आहे, यूएमसी२०२एचडीचाही आहे. यूएम२, यूएमसी२२ वाल्यांना आसिओ४ऑलवर भागवावं लागतं. चालतं, पण ते जुगाड आहे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे, मात्र परवान्याच्या भानगडीमुळे तयार ऑडॅसिटीत आसिओ बरीच वर्षं नव्हतं. मी रीपर सुचवेन, ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, जुन्या लॅपटॉपवर हलकं आहे.

मधेच टक् टक् आवाज आले तर बॅटरीचं सेव्हिंग बंद करा, वायफाय बंद करून बघा. वायफायचा ड्रायव्हर हा या कामातला अट्टल गुन्हेगार. आणि विंडोजमधला सॅम्पल रेट व रीपरमधला एकच ठेवा.

रिकामा उद्योग

हे सगळं मोबाईलला जोडता येतं का? लॅपटॉप नाही माझ्याकडे.

विदा

येतं, ओटीजीने. पण बऱ्याच फोनांतून इंटरफेसला पुरेशी वीज मिळत नाही, मग दिवे मिचमिचतात आणि बंद. मधे स्वतःचा चार्जर असलेला यूएसबी हब टाका. घेण्याआधी फोन घेऊन दुकानात जा आणि तिथेच लावून बघा.

मुक्काम पोस्ट कोथरूड

हे सगळं वाचून मीही आता इंटरफेस आणि तो यूट्यूबवर सगळ्यांच्या तोंडासमोर असतो तो काळा एसएम७बी माईक घ्यावा म्हणतो. कसा आहे?

खर्जातला

माईक उत्तम, पण त्याला भूक फार. ६० डेसिबलच्या आसपास गेन मागतो. २आय२च्या तिसऱ्या पिढीत सगळा मिळून ५६. म्हणजे बटण शेवटपर्यंत फिरवूनही तुम्ही कुजबुजतच राहणार. मग वर आणखी एक बूस्टर घ्या. कथावाचनाला तुमचा यूएसबी माईक उत्तम आहे हो काका.

पेटीवाल्यांची लेक

पुन्हा अहवाल. इलेक्ट्रिशियन आला. हॉलमधल्या बोर्डात अर्थची हिरवी वायर आहे, पण ती कशालाच जोडलेली नाही, नुसती गुंडाळून आत कोंबलेली. अठरा वर्षं या घरात राहतोय. स्वयंपाकघरातलं सॉकेट मात्र ठीक निघालं. तिथून वायर ओढली तर फ्रिजची घुर्रघुर्र. शेवटी त्याने हॉलचा बोर्डच नीट केला. आता चार्जर लावूनही शांतता.

रिक्षा स्टँडचं मात्र काय करावं? दुपारी दोन ते चार जरा शांत असतं, पण बाबांची झोपायची वेळ.

सांगलीचा बेदाणा

डायनॅमिक माईक बाहेरचा आवाज गाळतो ना? मग रिक्षा का येतेय?

खर्जातला

गाळत-बिळत काही नाही. डायनॅमिक तोंडाजवळ धरावाच लागतो, तेव्हा गेन कमी लागतो, म्हणून बाकीचं मागे पडतं. दीड फुटावर ठेवलात तर तोही रिक्षाचा मीटर ऐकेल. पेटीचा माईक दीड फुटावरच आहे, रिक्षा त्यातून येतेय. तो एक फुटावर आणा. आणि खोली बदला. हॉल सगळ्यात वाईट, फरशी आणि काच. कपड्यांचं कपाट असलेली आतली खोली घ्या, कपाटाची दारं सताड उघडी, बाबांची पाठ कपाटाकडे, खाली सतरंजी, खिडकीवर गोधडी. महागडे फोमचे चौकोन आणू नका. ते पातळ असतात, नुसता वरचा चकचकीतपणा कापतात, पेटीचा घुमारा तसाच राहतो. गादी उभी करून ठेवलीत तर त्याहून जास्त काम करते.

नागपूरची संत्री

गोधडीला अनुमोदन. माझ्या वर्गात मागे दिसतात त्या नऊवारी शोभेच्या नाहीत, मुद्दाम टांगल्यात.

पेटीवाल्यांची लेक

आतल्या खोलीत हलवलं. आईच्या साड्यांचं कपाट उघडं, गादी भिंतीला, पंखा बंद, बाबा बनियनवर. सकाळी साडेपाचला, रिक्षा यायच्या आधी. ही वेळ बाबांनीच सुचवली, म्हणाले काकड्याची वेळ आहे, झोप कसली. पहिल्या दिवशी चार चाली झाल्या. एका चालीत मधे कुकरची शिट्टी आहे, ती काढायची नाही असं आईने बजावलंय.

काल रात्री पहिल्यांदा पेटीचा ट्रॅक बंद करून नुसता आवाज बाबांना ऐकवला. हेडफोन दोन्ही हातांनी धरून बसले होते. एक अख्खी चाल ऐकली, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आता नुसती पेटी लाव. तीही ऐकली. मधेच हात वर करून थांबवलं, मागे घे म्हणाले, परत मागे घे. तीनदा तोच तुकडा ऐकला. मग म्हणाले, मधल्या सप्तकातला कोमल निषाद चढा बोलतोय, इतकी वर्षं गाण्याखाली झाकला गेला. हे असं पोरांच्या हाती द्यायचं नाही.

तर रेकॉर्डिंग थांबलंय. नाशकात पेटी ट्यूनिंग करून देणारं कोणी माहीत आहे का? घरी येऊन करणारं असेल तर बरं, पेटी जड आहे.

ठेका सोळा

व्यनि (खासगी निरोप) केलाय. त्यांच्याकडे महिनाभराची रांग असते, पण पांढरी पाचची गोष्ट सांगा, लगेच येतील.